सुकतीचे तीन वाटे

नऊ वर्षं एकत्र नांदलेला कोड तीन ठिकाणी वेगळा करायचा, हे ठरलं गणपतीच्या आधी. पण प्रत्यक्ष करायला ऑक्टोबरातला दुसरा रविवार उजाडला. त्या दिवशी सकाळपासून राहीला एका जागी बसवत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, त्यात पुण्याहून बोलणाऱ्या दर्शनचा चेहरा होता, आणि ही कधी गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे वाळले का ते चाचपून येई, कधी ओट्यावरचे डबे उगाच सरळ करी.

"बसतेस का आता?" दर्शन म्हणाला. "तुझं हो आल्याशिवाय मी काही चालू करणार नाही."

"कर की. ऐकतेय मी."

"ऐकायचं नाहीये, बघायचंय."

ती येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली.

राही रत्नागिरीच्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायची. नवरा संदेश लोट्याला केमिकल कंपनीत. पाळ्यांमुळे आठवड्यातून दीड दिवस घरी. दर्शन तिचा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र, मूळ चिपळूणचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दोघांनी मिळून 'सुकती' लिहायला घेतला होता. सुकती म्हणजे ओहोटी; किनाऱ्यावर भरती-सुकती असंच म्हणतात. बंदराचं नाव आणि तारीख दिली की पाणी कधी चढेल, कधी उतरेल, खाडीच्या तोंडातून बोट कुठल्या वेळात सुखरूप आत येईल, एवढं तो प्रोग्रॅम सांगायचा. कोड सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावा, वापरावा, चूक दिसली तर सुधारून पाठवावा.

पुढे त्याच्या तीन भाषा झाल्या. अभ्यास करणाऱ्यांसाठी आणि स्वतःच्या वेबसाइटसाठी पायथन, दुसऱ्यांच्या वेबसाइटींसाठी जावास्क्रिप्ट, आणि समुद्रात रेंज जाते तिथे फोनने स्वतःच गणित करावं म्हणून कोटलिन. गणित एकच, तीनदा लिहिलेलं. तिन्हींना मिळून एक तक्ता होता: बंदरांची नावं आणि प्रत्येकापुढे चार-पाच आकडे. हे सगळं एकाच रेपोत, म्हणजे कोड आणि त्याचे सगळे बदल साठवायच्या एकाच कोठारात होतं, आणि तीच तर अडचण होती. जावास्क्रिप्टमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तिन्ही भाषांच्या टेस्ट चालायच्या, चाळीस मिनिटं. फोनचं ॲप तयार असलं तरी पायथनचं काहीतरी अडलं म्हणून रिलीज लटकायचं. पोर्तुगालमधला एक जण जावास्क्रिप्टचा भाग आपल्या किनाऱ्यासाठी वापरायचा. त्याने वैतागून लिहिलं होतं, मला दहा फायली हव्यात, त्यासाठी तुम्ही मला दोन हजार उतरवून घ्यायला लावता.

दर्शन वर्षभर म्हणत होता, तीन रेपो करूया. राहीला ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच तिला त्याचा जास्त राग येत होता.

"हो," ती म्हणाली. "कर."

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. नऊ वर्षांत कुणी, कधी, काय बदललं याची चार हजारांवर टिपणं होती; ती एकेक उचलून ज्या भाषेची त्या भाषेकडे जात होती. जी तिन्हींची होती ती चिरून तिन्हीकडे. राहीने पहिल्या दिवशी लिहिलेलं 'पहिली भरती' हे टिपण तिने मुद्दाम शोधून बघितलं. तिन्ही ठिकाणी होतं, तारीख तीच, नाव तिचंच, पण प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं. एकीकडे तर त्यात दोनच ओळी उरल्या होत्या.

"तक्त्याचं काय करायचं?" दर्शनने विचारलं. "मला वाटतं त्याचा चौथा रेपो करावा. तिघांनी तिथून घ्यायचा. दोन दिवसांचं काम आहे."

"अजून किती तुकडे पाडणार आहेस?"

"राही, तुकडे काय..."

"आत्ता तिन्हीकडे तक्त्याची नक्कल ठेव. पुढचं पुढे बघू. माझ्याच्याने आज आणखी होणार नाही."

दर्शन "बरं," म्हणाला आणि त्याने नकला ठेवल्या. राहीनेच प्रत्येक रेपोत एक ओळ लिहिली: तक्ता सध्या तिन्हीकडे आहे, लवकरच वेगळा करू. जुन्या रेपोला कुलूप लागलं. वाचता येईल, बदलता येणार नाही. दुपारी दोनला दर्शन जेवायला उठला. राही गॅलरीत गेली. कपडे केव्हाच वाळले होते.

पुढचे तीन आठवडे तिला चैन नव्हती. काहीतरी गॅसवर ठेवून घराबाहेर पडल्यासारखं वाटत असे. वर्गात फळ्याकडे पाठ करून मुलांशी बोलता बोलता ती थांबे. संदेश सुट्टीला आला तेव्हा जेवताना तिच्याकडे बघत म्हणाला, "कोड वाटून दिलास की माहेरची जमीन?"

"तुला नाही कळणार."

"मग कळेल असं सांग."

तिने सांगायचा प्रयत्न केला. पूर्वी एक गोष्ट बदलली की सगळीकडे बदलायची, आता मला आठवत राहावं लागतं की मी कुठे आहे. संदेशने मान हलवली. "आमच्याकडे पाळी बदलताना वहीत लिहून द्यावं लागतं," तो म्हणाला, "कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद. तोंडी सांगून चालत नाही." राहीने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दिवाळी झाली आणि दाभोळहून भागोजीकाकांचा फोन आला.

भागोजी दाभोळचे जुने तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य. वय सत्तरीच्या पुढे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून समुद्रात जाणं बंद. राहीचे वडील वेळणेश्वरचे, जहाजावर नोकरीला होते, त्यांची आणि भागोजींची जुनी ओळख. 'सुकती' पहिल्यांदा लोकांच्या हाती गेला त्या वर्षी भागोजींनी कुणाकडून तरी तिचा नंबर मिळवला होता आणि नमस्कार ना चमत्कार, थेट म्हणाले होते, "तुझ्या यंत्रात दाभोळचं पाणी खोटं हाय." तेव्हापासून दरवर्षी पावसाळा सरला की ते नातलगाच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी जात, तिथल्या वाळूच्या दांड्यावर किती पाणी उरतं ते मापत, आणि तिला कळवत. दांडा दर पावसाळ्यात सरकतो, चढतो, उतरतो. तो आकडा तक्त्यात गेला की ॲपमध्ये बंदरापुढे हिरवी पट्टी दिसे: या वेळात या, बोट टेकणार नाही.

"काय गो बाय, बरी हायस ना?" भागोजी म्हणाले. "लिहून घे. औंदा दांडा लय चढलाय. सुकतीला एक पॉइंट दोन मीटर. गेल्या साली एक पॉइंट नऊ होतं."

"एवढा फरक, काका?"

"दोनदा मापलं. म्हणून दोन दिवस उशिरा फोन केला."

दोन तासिकांच्या मधली वेळ होती. राहीने स्टाफरूममध्येच लॅपटॉप उघडला, तक्त्यात दाभोळची ओळ शोधली, १.९ खोडून १.२ केलं. टेस्ट पाच मिनिटांत पार पडल्या. पूर्वीची चाळीस मिनिटं आठवून तिला दर्शनचं कौतुकही वाटलं. वेबसाइट उघडून बघितली. दाभोळची हिरवी पट्टी आखूड झालेली दिसली. तिने काकांना फोन लावला.

"बदललं, काका."

"झालं? बरं झालं गो."

घंटा झाली आणि ती वर्गावर गेली. वेबसाइट पायथनवर चालत होती आणि तिने बदलला होता तो पायथनच्या रेपोतला तक्ता. फोनच्या ॲपमधली नक्कल जशीच्या तशी राहिली. नऊ वर्षांची सवय. एकदा बदललं की झालं.

दहा दिवसांनी, एका गुरुवारी, साडेअकराला पुन्हा भागोजींचा फोन आला. राही वर्गात होती. तिने फोन कापला. लगेच पुन्हा वाजला. काका कधी असं करत नसत, म्हणून ती बाहेर पॅसेजमध्ये आली.

"तू बदललंस बोललीस ना?" आवाज नेहमीचा नव्हता.

"काय झालं, काका?"

"आमच्या पुतण्याची, बाळाची बोट दांड्यावर बसली. साडेनवाला. चौघं होते. माणसं सगळी हायत." ते थांबले. "त्यातल्या सदूचा हात गेला. म्हणजे मोडला. बोट अजून तिथंच हाय, पाणी उतरतंय."

"पण मी बदललं होतं..."

"बाळा म्हणतो, मोबाइलात हिरवं होतं."

पुढचं राहीला एका झटक्यात कळलं, कुणी सांगायची गरज नव्हती. तिने मुलांना सोडलं, स्टाफरूममध्ये जाऊन ॲपचा रेपो उघडला. दाभोळ, १.९. जावास्क्रिप्टचा उघडला. दाभोळ, १.९. पासवर्ड दोनदा चुकला.

दोन्हीकडे आकडा बदलून तिने दर्शनला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी बाहेर आला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

"मी तेव्हाच..." दर्शनने सुरुवात केली आणि तोंड मिटलं.

"बोल. पूर्ण बोल."

"चौथा रेपो करूया म्हणालो होतो."

"हो. म्हणाला होतास. आणि मी रागात होते."

"नक्कल ठेवायला मी तयार झालो ना? मग मीही आहेच त्यात," तो म्हणाला. "ॲपचं रिलीज मी आत्ता सोडतो. अर्ध्या तासात."

त्याने सोडलं. राहीने तिन्ही रेपोंत सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: दाभोळच्या आकड्यात चूक होती, ती दहा दिवस फोनच्या ॲपमध्ये राहिली, ती माझ्याकडून राहिली, त्यामुळे एक बोट अडकली आणि एक माणूस जखमी झाला. हे लिहिताना तिने तीन वेळा 'आमच्याकडून' लिहिलं आणि तीनही वेळा खोडलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती स्कूटरवर निघाली. संदेशने फोनवर थांब म्हटलं होतं, रविवारी गाडीने जाऊ. पण रविवारपर्यंत थांबणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. जयगडला फेरीबोटीत स्कूटर चढवली, तवसाळला उतरवली. वेळणेश्वरच्या फाट्यावर माहेरचा रस्ता डावीकडे वळत होता. तिने वेगसुद्धा कमी केला नाही. धोपाव्याला दुसरी फेरीबोट मिळाली. बोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा तिने तोंडाकडे बघितलं. सुकती लागली होती, तरी दांडा बुडालेलाच होता. पाणी सगळीकडे सारखंच, पसरलेलं, निवांत. दांडा कुठे आहे ते तिला ओळखता आलं नाही. नऊ वर्षं ती या दांड्याचा आकडा लिहीत होती आणि तो तिने कधी डोळ्यांनी बघितला नव्हता.

बाळाची बोट काल संध्याकाळी सातच्या भरतीला सुटली होती. ती आता किनाऱ्यावर ओढून एका अंगावर कलती ठेवली होती. इंजिनाच्या पंख्याची दांडी वाकलेली, तळाच्या दोन फळ्यांच्या सांध्यातून अजून पाणी गळत होतं. बाळा तिच्या पोटाशी उकिडवा बसून सांधा चाचपत होता. तिशीच्या आतला, उन्हाने रापलेला. भागोजींचा पुतण्या. हंगामाचे पहिले दोन महिने तो हर्णैच्या बोटीवर होता, दिवाळीनंतर स्वतःची बोट काढली, त्यामुळे दांडा चढल्याचं त्याच्या कानावर आलंच नव्हतं.

"मी राही. रत्नागिरीची," ती म्हणाली. "ते ॲप..."

"माहीत हाय ताई. काका बोलले." तो उठला. हाताला लागलेली वाळू झटकत त्याने खिशातून फोन काढला, जणू तिने मागितलाच होता. "हे बघा. साडेदहापर्यंत हिरवं होतं. मी साडेनवाला आलो. एक तास हातात होता."

राहीने फोन हातात घेतला. पट्टी अजून लांबच्या लांब होती. आकडा जुनाच. दर्शनने नवीन ॲप सोडून चोवीस तास होत आले होते, पण बाळाच्या फोनने ते उतरवून घेतलंच नव्हतं.

"या बंदरात हे ॲप किती जण वापरतात?" तिने विचारलं.

"पन्नासेक असतील. जास्तच."

"आज संध्याकाळी कोण कोण बाहेर जाणार आहे?"

बाकीच्यांच्या फोनातही जुनाच आकडा असणार, हे बाळालाही कळलं. "चला," तो म्हणाला.

दुपारभर ती जेटीवर होती. बाळा एकेकाला हाक मारून आणायचा, ती फोन घ्यायची, ॲप नवीन करायची, दाभोळचा आकडा वाचून दाखवायची, मग फोन परत. कुणाच्या फोनात जागा नव्हती, तर लग्नाचे व्हिडिओ कुठले पुसायचे यावरून घरी फोन झाले. कुणी म्हणालं, आम्ही तर ते बघतच नाय, आम्हाला पाण्याच्या रंगावरनं कळतं. एक जण सरळ म्हणाला, "तुमच्यामुळं झालं ना हे?"

"हो," राही म्हणाली. "द्या फोन."

चाळीसेक फोन झाले तेव्हा भागोजी काठी टेकत आले. ती उभी राहिली. त्यांनी हाताने बस अशी खूण केली आणि स्वतःही कठड्यावर बसले.

"काका, मी..."

"थांब. मला बोलू दे." ते खाडीकडे बघत होते. "आधी मी माप घेतलं की या जेटीवर उभा राहून सगळ्यांना सांगायचो. ओरडून. तुझं यंत्र आल्यावर पोरं बोलायला लागली, आबा, मोबाइलात आलंय, कशाला घसा फोडता. गेल्या सालापासून सांगायचं सोडलं. औंदा तुला सांगितलं नि गप बसलो. बाळा हर्णैहून आला, माझ्या ओटीवर चहा प्यायला. मी त्याला पोरांचं विचारलं, मासळीचं विचारलं. दांड्याचं नाय बोललो." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आता बोल, काय बोलायचंय ते."

राही म्हणाली, "सदूकडे जायचंय."

सदू चाळिशीचा, भागोजींच्या घरापासून चार घरांपलीकडे राहायचा. दुसऱ्या बोटीने ओढून काढण्यासाठी टाकलेला दोर तो बांधत असताना बोट कलली आणि त्याचा उजवा हात दोर आणि खुंटा यांच्या मध्ये सापडला होता. दापोलीहून प्लास्टर घालून आणलं होतं. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता.

राहीने आपण कोण ते सांगितलं, काय चुकलं ते सांगितलं. सदूने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तुमचं ॲप माहीत नाय," तो म्हणाला. "माझ्याकडं साधा फोन हाय. मी दोर धरला होता." मग थोडा सरकत म्हणाला, "तो फोन तेवढा चार्जिंगला लावाल? डाव्या हातानं पिन जात नाय."

तिने पिन लावली. दिवा लागला का ते दोनदा बघितलं. एवढंच काय ते तिला त्याच्यासाठी करता आलं. बाहेर आल्यावर तिला हुंदका आला; भागोजी पाठ फिरवून उभे राहिले, तो सरेपर्यंत.

निघायच्या आधी भागोजींची सून राजश्री तिला घरी घेऊन गेली. राजश्री मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. तिने चहा दिला, समोर बसली, आणि राही आल्यापासून मनात असलेलं विचारलं.

"ताई, आबा मापतात. तुम्हाला फोन करतात. तुम्ही लिहिता. मग ते तीन ठिकाणी जातं. बरोबर?"

"जायला हवं होतं."

"पण मग या आकड्याला हात लावायला तुम्हीच कशाला लागता? मी रोज आठ तास कॉम्प्युटरवरच असते. मी का नाय लिहू?"

राहीने चहाचा कप खाली ठेवला. रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी पहिल्यांदा तिला थोडा राग आला. मग तोही गेला.

परतीच्या फेरीबोटीत रेंज होती. तिने दर्शनला फोन लावला.

"चौथा रेपो करतेय," ती म्हणाली. "या शनिवार-रविवारी. फक्त तक्ता. तिघांनी तिथून घ्यायचा, आणि ॲपने नवीन आवृत्तीची वाट बघायची नाही, रेंज मिळाली की आकडे स्वतः आणायचे. आकड्याशेजारी माप कुणी घेतलं आणि कधी घेतलं ते दिसायला हवं. माप जुनं असेल तर हिरवी पट्टी दाखवायचीच नाही."

"चालेल. ॲपचं मी करतो."

"आणि दाभोळची ओळ राजश्री सांभाळणार."

"कोण राजश्री?"

तिने सांगितलं. रेपोतले बदल गिट या अवजाराने नोंदवायचे असतात; दर्शन घुटमळला. "तिला गिट येतं का?"

"तुला खाडी येते का?"

तो हसला नाही, पण वादही घातला नाही. "एकटीच्या हातात नको," एवढंच म्हणाला. "तिने बदललं की आपल्यापैकी एकाने बघून मग आत घ्यायचं."

"तसंच. आणि आपण बदललं तर तिने बघायचं."

चौथा रेपो करायला दोन दिवस लागतील असं दर्शन म्हणाला होता; पंधरा लागले. वेळणेश्वर, जयगड, हर्णै, एकेका बंदराचे आकडे तपासताना तिन्ही नकलांत आधीच आणखी दोन फरक पडलेले सापडले. ते बघून राहीला रात्रभर झोप लागली नाही असं नाही, पण ती पहाटेच उठून बसली. संदेशला तिने त्या पाळीच्या वहीबद्दल पुन्हा विचारलं आणि या वेळी नीट ऐकलं. तक्त्यातल्या प्रत्येक बदलाबरोबर तिन्ही भाषांच्या टेस्ट आपोआप चालतील आणि तिन्ही पार पडल्याशिवाय बदल आत जाणार नाही, अशी व्यवस्था तिने लावली. कोड तीन ठिकाणीच राहिला. तो पुन्हा एकत्र करावा असं तिला एकदाही वाटलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

डिसेंबरच्या मध्यावर भागोजींनी पुन्हा माप घेतलं. या वेळी राजश्रीही होडीत होती. दुपारी तीनला तिचा बदल आला: दाभोळ, माप भागोजी व राजश्री, आजची तारीख. राही स्टाफरूममध्ये वह्या तपासत होती. ती सगळं सोडून पडद्याकडे बघत बसली. पायथनच्या टेस्ट पार पडल्या. जावास्क्रिप्टच्या नापास झाल्या. कोटलिनच्याही नापास. बदल दारातच अडला.

लगेच राजश्रीचा फोन. आवाज घाबरा. "ताई, लाल आलं. मी काय चुकले?"

राहीने ओळ उघडली. राही तक्त्यात नेहमी इंग्रजी अंक टाकायची; राजश्रीने आकडा मराठीत लिहिला होता: १.३. पायथनला तो वाचता आला, बाकीच्या दोघांना नाही.

राहीला हसू फुटलं, इतकं की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती.

"तू काही चुकली नाहीस," ती म्हणाली. "दोघांना मराठी अंक येत नाहीत."

"मग मी इंग्रजीत लिहू?"

राही हो म्हणणार होती. सोपं होतं, एका मिनिटाचं. "आजच्यापुरता लिही," ती म्हणाली, "बोटी बाहेर आहेत. त्या दोघांना मी शिकवते. पुढच्या वेळी तुझ्या पद्धतीने लिही."

राजश्रीने आकडा बदलला. तिन्ही पार पडल्या. राहीने ओळ पुन्हा वाचली, मग आत घेतली, मग स्वतःच्या फोनवर ॲप उघडून बघितलं, मग शेजारच्या बाईंच्या फोनवरही बघितलं. सगळीकडे १.३. तरी हात थांबेना. तिने भागोजींना फोन लावला.

"काका, आलं का तिकडे? कुणाच्या तरी फोनमध्ये बघा ना."

"बघतो गो, बघतो," भागोजी म्हणाले. मागे जेटीवरचा गलका ऐकू येत होता, इंजिनांची धडधड, कुणाच्या तरी हाका. "पण आधी सांगून घेतो सगळ्यांना. थांब जरा, फोन धरून ठेव."

आणि त्यांनी फोन तसाच हातात धरून, होता नव्हता तेवढा घसा फोडून, खाडीकडे तोंड करून आकडा सांगितला.